सापडलेलं खोडरबर

सापडलेली वस्तू परिपाठात आणून देणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायच्या, ही पद्धत मीच सुरू केली. मुलं प्रामाणिक व्हावीत म्हणून. महिनाभरात आमची सातवी इतकी प्रामाणिक झाली, की मला शंका यायला लागली. कडेला दातांच्या खुणा असलेलं एकच खोडरबर तीनदा सापडलं, तिन्ही वेळा वेगवेगळ्या मुलांना! आता कुणी ‘बाई, हे सापडलं’ म्हणत आलं, की मी वस्तूआधी चेहरा बघते. चांगुलपणावर पहारा ठेवायची ही सवय वाईटच, पण लागली खरी.

काल मधल्या सुट्टीत सगळा वर्ग मैदानावर होता. सायली मात्र एकटीच आत, इकडेतिकडे बघत मुग्धाच्या दप्तरात हात घालत होती. मी दारातूनच ओरडले, “काय काढतेस गं?”

ती दचकली. “काढत नाही, बाई. ठेवतेय. तिचं कर्कटक सापडलं.”

“मग परिपाठात का नाही दिलंस?”

“तिथे दिलं की सगळे तिला धांदरट म्हणून हसतात.”

टाळ्या वाजवताना मी नेहमी देणाऱ्याकडेच बघत आले. घेणारं मूल कसं मान खाली घालून जागेवर जातं, ते कधी पाहिलंच नव्हतं.

आज ते खोडरबर चौथ्यांदा सापडलं. सवयीने माझे हात टाळीसाठी वर गेले. रांगेतून सायली माझ्याकडे बघत होती, काल मी तिच्याकडे पाहिलं होतं अगदी तशीच.