रिकामी दिलेली थाळी

मंगलाक्का गेली, हे तिच्या सुनेनं, सुनीतानं, सकाळी दवाखान्यातून फोन करून सांगितलं. माणूस गेल्याचं कळल्यावर डोळ्यांत पाणी यावं की नाही? माझ्या मनात भलतंच आलं... मी तिची थाळी रिकामी परत केली होती. दीड महिना झाला, अजून मी तिथंच अडकलेय.

मंगलाक्का मूळची बेळगुंदीची, शेतकऱ्याघरची. लग्न होऊन हिंडलग्याला आमच्या शेजारी आली. मी शाळेत टीचर, ती जेमतेम चौथी शिकलेली; पण तीस वर्षं आमचं मेतकूट होतं. तिचा भाऊ लष्कराच्या कॅम्पात एका साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी होता, त्याच्याकडून ती कॉबलर नावाचा फळांचा साहेबी गोड पदार्थ करायला शिकली. मे महिन्यात खानापूरकडच्या बायका करवंदं घेऊन आल्या की हिचा उद्योग सुरू. काळीभोर करवंदं चिरून बिया काढायच्या, चिकानं बोटं चिकटायची, मग साखर आणि लिंबू घालून ती निळ्या काठाच्या पांढऱ्या एनॅमलच्या थाळीत पसरायची. वर मैदा, लोणी आणि दुधाचे ओबडधोबड गोळे. थाळी तिच्या जुन्या, गोल, काचेच्या झाकणाच्या ओव्हनमध्ये जायची आणि कडेनं जांभळा रस उकळून वर आला की भिंतीपलीकडून मला हाक यायची. एकदा म्हटलं, गोळे जरा सारखे तरी कर. तर म्हणाली, "पोटात जाऊन सारखंच व्हतंय न्हवं? खा गप." मग थाळी माझ्याकडं राहायची आणि मी कधी लाडू, कधी चकल्या घालून परत द्यायची. शेजारणीचं भांडं रिकामं कोण परत देतं?

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर भिशीत बिनसलं. माझ्या लेकीचं लग्न मोडल्याचं मी एकट्या मंगलाक्काला सांगितलं होतं, आणि कुणाजवळ बोलू नको म्हणून बजावलं होतं. हिनं दहा बायकांपुढं, चहाचा कप हातात धरून, सरळ विचारलं, "पोरगी माघारी आलीया, आता पुढं काय करायचं ठरवलंय गं?" माझा राग नाकाच्या शेंड्यावर, हे सगळ्या शाळेला ठाऊक. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं.

तरी मे महिन्यात थाळी आलीच. स्वतः फाटकाशी उभी राहून म्हणाली, औंदा करवंदं लई ग्वाड हाईत. मी हूं की चूं न करता थाळी घेतली. पहिला घास तोंडात घातला आणि थुंकला. खारट! साखरेच्या जागी सगळं मीठच. मला वाटलं, वा गं बाई, आधी चारचौघांत अब्रू काढलीस, वर हे? सगळं कचऱ्यात ओतलं, थाळी घासली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात रिकामी दिली. तिनं थाळीत पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं... आणि आत वळली. तेच शेवटचं.

तेराव्याला गेले तेव्हा सुनीता सांगत होती, वर्षभर आईंचं विसरणं फार वाढलं होतं. चहात मीठ घालायच्या, दूध गॅसवर ठेवून देवळात जायच्या. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण शेजारीपाजारी कुणाला कळू द्यायचं नाही, अशी ताकीद होती. मग तिनंच विचारलं, "टीचर, ते लाडू तुम्ही घरीच केलते काय?"

"कुठले लाडू?"

"थाळी परत देताना दिलेले. बेसनाचे, चार. आई म्हणाल्या, दारातच उभ्यानं खाल्ले, तुला एकबी ठेवला न्हाई."

आता मी काय समजू? ती विसरली म्हणावं, तर भिशीतलं बोलणं विसरण्यातलं, मीठही विसरण्यातलं, आणि लाडू कुठल्या तरी जुन्या वर्षाचे. म्हणजे तिनं मला माफ केलंच नाही, तिला माझा अपराध आठवतच नव्हता. आणि माझी लाज राखायला ती सुनेशी खोटं बोलली म्हणावं, तर तिचं डोकं जागेवर होतं... मग मीठसुद्धा जाणूनबुजून? एक बाजू धरावी तर दुसरी हातची सुटते. लेक म्हणते, आई, सोड आता. असं सोडता येतं होय?

गेल्या आठवड्यात सुनीता तीच थाळी घेऊन आली. ही तुमच्याकडंच असू दे म्हणाली. रिकामी कशी द्यायची, म्हणून तिनं आत वाटीभर पांढरं काहीतरी घातलं होतं. ती गेल्यावर मी ओट्याशी उभी राहून बोट लावून चाखलं. साखर होती. तेव्हा कुठं मला रडू आलं.

त्याच साखरेचे मी बेसनाचे लाडू वळले. थाळीत मोजून चार ठेवले आणि भिंतीपलीकडं सुनीताला हाक मारली.