आमचं गाव बुडालेलं नाही

समुद्राशी भांडण काढायचं आणि त्यात आपणच जिंकणार अशी पक्की खात्री बाळगायची, असा एकच माणूस मी आजवर पाहिला. त्याची उंची पाच फूट दोन इंच होती आणि अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये तो दोन वर्षं माझ्या शेजारच्या गादीवर झोपत असे. तो इंडोनेशियाचा, जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका लहानशा कोळ्यांच्या गावातला. २००३ च्या ऑगस्टमध्ये मी आणि पुण्याचा मंदार तिसरा रूममेट शोधत होतो. चांगला वरणभात खाणारा मुलगा मिळावा म्हणून आम्ही नोटीस बोर्डावर मुद्दाम मराठीत चिठ्ठी लावली होती. दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी हातात घेऊन हा दारात हजर. "यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही," तो इंग्रजीत म्हणाला, "पण खाली इंग्रजीत पत्ता आहे, म्हणजे जागा रिकामी असणार. आणि चिठ्ठी आता माझ्याकडे आहे, म्हणजे दुसरं कोणी येणार नाही." मंदारने त्याची बॅग उचलून आत घेतली.

आपल्या गावाबद्दल त्याला कमालीचा अभिमान होता आणि त्या गावाबद्दल जगाला काहीही माहीत नाही याचा कमालीचा संताप. लायब्ररीतल्या नकाशांच्या दालनात जाऊन त्याने एकेक अ‍ॅटलास तपासला. एकातही गाव नव्हतं. मग त्याने पेन्सिलीने प्रत्येक अ‍ॅटलासमध्ये एक ठिपका काढायला सुरुवात केली. चौथ्या अ‍ॅटलासला लायब्ररियन बाईंनी त्याला पकडलं. हा शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी पुस्तक खराब करत नाहीये. चूक दुरुस्त करतोय." बाईंनी सगळे ठिपके त्यालाच खोडायला लावले. तीन त्याने खोडले. चौथा आपल्याला सापडलाच नाही, असं तो घरी येऊन आनंदाने सांगत होता.

आमची भाषाही त्याने अशीच ताब्यात घेतली. नाम, गुरू, मनुष्य, भाषा हे शब्द त्यांच्याकडेही थोड्याफार फरकाने आहेत असं कळल्यावर तो आम्हाला उदारपणे म्हणाला, "वापरा तुम्ही. आमची हरकत नाही." त्यांच्याकडे नवऱ्याला 'सुआमी' म्हणतात. कॅम्पसवर कुठल्याशा स्वामीजींच्या व्याख्यानाचं पोस्टर लागलं तेव्हा त्याने काळजीने विचारलं, "कोणाचा नवरा आहे हा?"

त्याची सगळ्यात चमत्कारिक सवय म्हणजे दारातून जाताना तो वाकायचा. अमेरिकेतली दारं सहा-सव्वासहा फुटी माणसांसाठी केलेली, आणि हा वर्गात, दुकानात, बसमध्ये शिरतानासुद्धा मान खाली घालून शिरायचा. मंदार त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. एकदा मी विचारलंच, तेव्हा त्याने सांगितलं. त्यांच्या गावात दर वर्षी पाणी थोडं वर येतं. घरात पाणी शिरायला लागलं की लोक माती टाकून जमीन उंच करतात. छप्पर मात्र आहे तिथेच राहतं. त्याच्या घराची जमीन त्याच्या लहानपणापासून पाच वेळा उंच केली होती आणि दार आता त्याच्या छातीला लागत होतं. "माझे वडील म्हणतात, पूर्वी आमच्या गावात फार उद्धट लोक होते," तो म्हणाला. "आता सगळे वाकून आत येतात." त्या दिवसानंतर मंदारने ती नक्कल बंद केली.

दर रविवारी सकाळी तो कॉलिंग कार्डवरून वडिलांना फोन करायचा आणि पहिला प्रश्न पाणी कुठपर्यंत आहे हाच असायचा. दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यातला एक फोन मात्र फारच लवकर संपला. त्याच्या सख्ख्या काकांसकट बारा कुटुंबं गाव सोडून शहरात निघून गेली होती आणि मागे राहिलेल्यांनीही निघावं म्हणून सरकारी माणसं येऊन गेली होती. त्याने कॉलिंग कार्ड पाकिटात ठेवलं. मग म्हणाला, "भांडण समुद्राने सुरू केलं नाही, यार. आम्ही केलं." किनाऱ्यावर पूर्वी लाटा अडवणारं तिवरांचं दाट जंगल होतं. कोळंबीची तळी खणण्यासाठी गावाने ते तोडलं. चार वर्षं कोळंबीवर गाव मजेत जगलं आणि मग समुद्र सरळ आत चालत आला. "वडील तोडत होते, मीही तोडत होतो. कोयता मला फार आवडायचा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तर बाथटबमध्ये चिखल. त्याने कुठल्याशा ओढ्यावरून दोन बादल्या गाळ आणला होता, टबात अर्ध्यापर्यंत पाणी भरलं होतं आणि काड्याकाटक्यांचं छोटंसं कुंपण त्यात उभं केलं होतं. सिमेंटची भिंत लाटेशी भांडते आणि हरते. काटक्यांचं कुंपण पाणी आत येऊ देतं, परत जाऊ देतं आणि चिखल तेवढा अडकवून ठेवतं, हा त्याचा सिद्धांत. चिखल साठला की तिवरं परत येतील. हा दिवसातून तीनदा टबाशी बसून एका ताटाने लाटा करायचा. "अरे, पण मी आंघोळ कुठे करू?" मंदार ओरडला. हा मान वर न करता म्हणाला, "माझ्या गावाला घर नाही आणि तुला आंघोळ हवी?" तीन आठवडे आम्ही दोघं कडाक्याच्या थंडीत टॉवेल घेऊन जिमला जात होतो. आणि एका सकाळी मंदारच आतून ओरडला, "इकडे या! साठलाय!" कुंपणामागे बोटभर चिखल जमला होता. पट्टी आणून मोजला तोसुद्धा मंदारने.

त्याचा थीसिस त्याच्या गावावर आणि समुद्रावरच होता; समितीपुढच्या डिफेन्सला मी आणि मंदार मागच्या रांगेत बसलो होतो. त्याच्या गाइडबाई मायाळू होत्या, पण त्याच्याच आकड्यांवरून त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता: या गावाला भवितव्य नाही, ते हलवावं, आणि तसं शेवटच्या प्रकरणात लिहावं. तो म्हणाला, "बाई, आकडे बरोबर आहेत. निष्कर्ष परक्या माणसाचा आहे." तेव्हा समितीतले एक वयस्कर प्राध्यापक म्हणाले, "मी स्वतः त्या किनाऱ्यावर जाऊन आलोय. घराघरांत पाणी होतं."

"किती वाजता गेला होतात?"

"दुपारी. का?"

"भरतीला गेलात, सर. ओहोटीपर्यंत थांबायला हवं होतं. आईने जेवायला वाढलं असतं."

हसायला कोणीच तयार नव्हतं. समितीने शेवटचं प्रकरण पुन्हा लिहायला सांगितलं. डिग्री अडली, व्हिसाची मुदत जवळ येत होती. ह्यूस्टनमधली एक चांगली नोकरी त्या डिग्रीवर अवलंबून होती. मी त्याला समजावलं, "एक वाक्य तर आहे. लिहून टाक." तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी उठून उगाच चहा टाकला. अखेर त्याने समितीला हवं ते सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि खाली स्वतःच्या दोन ओळी जोडल्या: "हे निष्कर्ष गावकऱ्यांना मान्य नाहीत. मी गावकरी आहे." गाइडबाईंनी ते वाचून चष्मा काढला, पुसला आणि सही केली.

ह्यूस्टनला तो गेलाच नाही. २००५ च्या उन्हाळ्यात आम्ही त्याला विमानतळावर सोडलं. पुढे अमेरिकेतच मंदार पिस्कॅटवेला गेला, मी ईडन प्रेरीत नोकरीला लागलो. गावाहून त्याच्या ईमेल यायच्या, त्याही दोन-दोन ओळींच्या. "पहिलं कुंपण गेलं. बांबू कमी पडले." वर्षभराने, "दुसरंही गेलं. वडील म्हणतात, समुद्राला आवडलेलं दिसतंय." मग बरेच महिने काहीच नाही. शेवटी एक फोटो आला: गुडघाभर चिखलात उभा असलेला, काळा ठिक्कर पडलेला तो, आणि पायाशी आपोआप उगवलेली तिवराची चार-पाच रोपं. मजकूर काहीच नव्हता.

२००८ मध्ये एकदा त्याचा फोन आला. वडील गेले होते. घराची जमीन त्याने सहाव्यांदा उंच केली होती. गावात सतरा घरं उरली होती, पण त्या वर्षी एकानेही गाव सोडलं नव्हतं. "ये ना एकदा," तो म्हणाला. माझ्या ग्रीन कार्डाचं घोंगडं भिजत पडलं होतं, मुलगी लहान होती, ते त्याला सांगण्याऐवजी मी विचारलं, "यायचं कसं?"

"बसने शेवटच्या थांब्यापर्यंत. मग रस्त्याने चालत राहायचं. रस्ता पाण्यात जातो, तिथे थांबून हाक मारायची. होडी येईल."

"हाक कोणाच्या नावाने मारू?"

"कोणाच्याही," तो म्हणाला. "ज्याला ऐकू येईल तो येईल."

अजून माझं जाणं झालेलं नाही.