स्नोशू काढून घेतलेलं नाव

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला येऊन दोन वर्षं झाली, तरी देव आपल्यामागे इतक्या लांब आला आहे का, याचा मला उलगडा होत नव्हता. दिवा लावायचे, पोथी वाचायचे, पण मन लागत नसे. त्यात नवऱ्याने ऑस्ट्रियाच्या सहलीसाठी आम्हा दोघांची नावं स्नोशूवर चालायला शिकवणाऱ्या वर्गात घातली. स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायचे रुंद जाळीदार जोडे. त्यांनी भार पसरतो आणि पाय बर्फात रुतत नाही. जिथे टेकडीसुद्धा शोधावी लागते, त्या देशात हे शिकायचं!

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात आर्नहेमजवळच्या माळावर मात्र भरपूर बर्फ पडला. शिकवणाऱ्या योहानाबाई साठीच्या. पूर्वीचे लोक लाकडी चौकटीवर कातडं ताणून असे जोडे कसे करत, हे त्या रंगून सांगत. एक नियम मात्र बजावून: खोल बर्फात स्नोशू काढायचे नाहीत.

त्या दिवशी वाट काढायची पाळी माझी होती. मागे नवरा, त्याच्या बऱ्याच मागे बाई आणि बाकीचे. मी मुळातच दिशांच्या बाबतीत अडाणी, त्यात धुकं उतरलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. होकायंत्र हातात होतं, पण सुई काय म्हणते ते डोक्यात शिरेना. समोर एक पांढरा सपाट पट्टा दिसला. हीच वाट असावी. पाऊल टाकण्याआधी दत्ताचं नाव घ्यावं म्हटलं, आणि सवयीने वाकून स्नोशूचे पट्टे सोडले.

"अगं, काय करतेस?" नवरा ओरडला.

"पायात जोडे घालून देवाचं नाव कसं घेऊ?"

आत बूट होतेच, पण गोंधळलेल्या माणसाला एवढं कुठलं सुचायला! खाली उतरले आणि मांडीपर्यंत रुतले. तो मला ओढत असतानाच बाई आमचा माग धरून पोचल्या आणि "हलू नका!" म्हणून किंचाळल्या. त्यांनी पुढच्या पट्ट्यात काठी खुपसली. कवच फुटलं, काळं पाणी वर आलं. ते तळं होतं. वर बर्फाचं पांघरूण पडलं की खालचा थर धड गोठत नाही, म्हणाल्या. मग स्नोशू काढल्याबद्दल मला खूप रागावल्या.

नियम मोडला म्हणून आम्ही वाचलो, की नाव घेतलं म्हणून? की नुसताच माझा वेंधळेपणा? देवाची टिंगल करणारा माझा नवरा परतीच्या वाटेवर माझा हात धरून चालत होता. शेवटी म्हणाला, "तू का थांबलीस, ते मला नाही कळलं तरी चालेल."

मलाही कळलेलं नाही. आम्ही दोघं आहोत, एवढं कळतं. बाकीचं मी दत्तावर सोपवून टाकलं आहे.