सात माणसं बाहेर

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झाली तरी मी नवऱ्याशी धड बोलले नव्हते. येळ्ळूरच्या आमच्या घरात सुनेनं मोठ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, निरोप नणंदेकरवी. मग खोलीत दोघंच असलो तरी जीभ उचलायची नाही. छाती धडधडायची, एका जागी बसवायचं नाही. शेवटी मला टिळकवाडीतल्या मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. माझं दुखणं सांगायला दोन्हीकडची सात माणसं निघाली!

डॉक्टरांनी त्या सगळ्यांना बाहेर बसवलं आणि आम्हा दोघांनाच आत घेतलं. मी सुरुवात केली, "ह्यांना सांगा, मला..."

"ते इथंच आहेत. तुम्हीच सांगा," म्हणत डॉक्टर खुर्ची फिरवून आमच्याकडे पाठ करून बसले.

नवरा नुसता पाय हलवत होता. ते बघून माझं डोकं फिरलं. "त्या घरात जीव घुसमटतोय माझा. कळतंय का तुमास्नी?"

पाय थांबला. "माझाबी गं," तो म्हणाला.

बाहेर आल्याबरोबर सासूबाईंनी मला विचारलं, "काय म्हनलं डाक्टर?"

डॉक्टर दुखण्याबद्दल काहीच म्हणाले नव्हते. मी सातही जणांसमोर नवऱ्याकडे वळले.

"तुम्हीच सांगा."