पांढऱ्याला पळताना बघायचं होतं

परवा तुम्ही पाठवलेला घोड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ आम्ही दोघांनी दोनदा पाहिला. मोठाल्या टोप्या घातलेल्या बायका, कडक इस्त्रीचे कोट, आणि शर्यत संपल्यावर घामेजलेल्या घोड्याच्या मानेत तोंड खुपसून रडणारा तो मालक. खाली तुम्ही विचारलं होतं, एवढ्या मोठ्या माणसाला घोड्यासाठी रडायला काय होतं? आजोबा म्हणाले, "यांना एकदा पटावर न्यायला पाहिजे." ते लगेच जमण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

पट म्हणजे शंकरपट, आपल्याकडची बैलजोड्यांची शर्यत. धान कापून, मळून घरात आलं की गावोगाव पट भरतात. मोकळ्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, शेजारी शेजारी दोन सरळ पट्ट्या आखतात, अशा पट्टीला दान म्हणतात. एका दानीवर एक जोडी, दुसरीवर दुसरी. मागे हलका छकडा आणि त्यावर हाकणारा, म्हणजे धुरकरी. झेंडी पडते आणि तुम्ही नीट बघायला लागेपर्यंत सगळं संपलेलं असतं. त्या एवढ्याशा धावेसाठी माणसं वर्षभर जनावरं सांभाळतात, गाड्या करून या गावाहून त्या गावाला जातात, आणि कोणत्या बैलाची आई कोणत्या गोठ्यातली हे सोयरिकीच्या बैठकीत बोलावं तसं बोलतात.

असे एक पटशौकीन आपल्या घरातच आहेत: गावी राहणारे माझे धाकटे दीर, तुमचे छोटे आजोबा. मधली काही वर्षं पटावर बंदी होती. बंदी आली तेव्हा मला बरं वाटलं होतं, कारण तुतारीचा, म्हणजे बैल टोचायच्या काठीचा, खिळा बैलाच्या पुठ्ठ्यात रुतलेला मी स्वतः पाहिला होता. दिरांना मी तसं सरळ सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, खिळा बंद करा ना. पट कायले बंद करता?" पुढे परवानगी मिळाली ती जवळजवळ याच अटीवर. आता काठी नाही, तुतारी नाही, आणि जनावरांच्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय जोडी दानीवर येत नाही.

परवानगी मिळाली त्या सुमारास त्यांच्या गोठ्यात एक पांढरा गोऱ्हा होता. त्याची आई व्याली आणि दोनच दिवसांत गेली. छोट्या आजीने, म्हणजे माझ्या जावेने, त्याला बाटलीने दूध पाजलं, मग कणीची पेज, मग हाताने गवत. सकाळचं सगळं आवरलं की ती गोठ्याच्या दाराशी उभी राहून हाक मारायची, "ये गा बापू, ये!" आणि तो असेल तिथून येऊन तिच्या पदरात तोंड घालायचा. त्याला वेगळं नाव कुणी ठेवलं नाही. पांढरा म्हणूनच तो मोठा झाला. दिरांनी त्याच्या जोडीला एक लाखा, म्हणजे तांबूस रंगाचा बैल आणला आणि दोघांना पटासाठी तयार केलं. तळ्यात पोहायला नेणं, खुरांना तेल, भिजवलेले उडीद, जवसाची ढेप, म्हणजे पेंड. दिरांच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीची आठवण छोट्या आजीला रोज करून द्यावी लागते. पांढऱ्याचा खुराक मात्र ते कधी विसरल्याचं ऐकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात गावच्या पटाला मी गेले. आजोबा गुडघ्यांमुळे गोंदियालाच राहिले. पटाच्या दिवसांत गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे असतात. लेकी येतात, जावई येतात, जावयांचे मित्र येतात, आणि घरातल्या बायका चुलीपासून हलू शकत नाहीत. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी वांगी चिरत बसलो होतो. मी सहज विचारलं, "पांढरा खरंच एवढा वेगात पळतो का गं?"

"मले काय माहीत बाई? मी कोठी पाहिला?"

मला वाटलं ती थट्टा करते आहे.

"खरंच जी. मी त्याले ओवाळतो, कुंकू लावतो, पाय धुतो. मंग हे घेऊन जातेत. एका डाव पोट्ट्यानं फोनवर दाखवलं. धूळच दिसली." मग विळी थांबवून म्हणाली, "एक डाव पाहाचा आहे जी मले. त्याचे पाय आता पयल्यासारखे राहनार नाहीत. अजून दोन सालं पळंल, मंग संपलं."

तिला कुणी मनाई केलेली नव्हती. पण एवढी पानं कोण वाढणार, हा प्रश्न आला की तिचं जाणं आपोआप रद्द व्हायचं. हे मात्र माझ्या आवाक्यातलं होतं. मी पहाटेच स्वयंपाकाला हात लावला, दुपारच्या आत भात, रस्सा, वडे सगळं झाकून ठेवलं, ताटं-वाट्या मांडल्या आणि तिच्या दोन्ही जावयांना सांगितलं की आज तुम्ही वाढून घ्यायचं आणि मित्रांनाही वाढायचं. मोठा जावई हसला. धाकटा म्हणाला, "आमच्या घरी कळलं तर?"

"कळू दे," मी म्हटलं. "वाढायला शिकलास म्हणून तुझी आई मला साडी देईल."

दिरांना हे कळलं तेव्हा ते जोडीला झूल चढवत होते.

"वहिनी, तुमी या ना, तुमाले खुर्ची टाकतो. पन हिले कायले? धुळीत काय करंल थे?"

"बैल कुणाचा आहे?" मी विचारलं.

"माझा."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला, आणि मागोमाग छोटी आजी म्हणाली, "होय जी! बैल तुमचा अन् शेण माझं!"

पाहुणे एवढे हसले की दिरांनी घाईघाईने जोडी बाहेर काढली.

दानीवर गर्दी म्हणजे काय सांगू. दोन्ही बाजूंनी दोर बांधलेले, झाडांवर माणसं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर माणसं. लाऊडस्पीकरवरचा माणूस अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत ओरडत होता, "पब्लिक पीछे हटो! ओ लाल दुपट्टेवाले भाऊ, तुमाले वेगळं सांगू का?" आम्हाला शेवटच्या रेषेजवळ जागा मिळाली. शेजारी नागऱ्याहून आलेले एक म्हातारे गृहस्थ डोक्याला दुपट्टा गुंडाळून बसले होते. ते दरवर्षी पटामागून पट करत हिंडतात आणि त्यांना सगळ्या जोड्या ठाऊक असतात. छोट्या आजीने भीत भीत पांढऱ्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, "थो बैल पळत नाही माय, वाहते. आज या गावचा पट थोच घेते, पाहजो."

हे ऐकून तिने माझा हात जो धरला तो सोडलाच नाही. दिरांनी आजवर बाहेरच्या गावांत इनामं मिळवली होती, पण स्वतःच्या गावचा पट एकदाही जिंकला नव्हता. ते त्यांना किती लागलेलं आहे हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

आपली जोडी शेवटच्या लढतीपर्यंत पोचली. आधीच्या फेऱ्यांत ती पलीकडच्या दानीवर होती, आम्हाला नुसती धूळच दिसली. दीर पलीकडच्या टोकाला, सुटण्याच्या जागी, बैलांची तोंडं धरून उभे होते. झेंडी पडली. मला आधी फक्त धूळ दिसली, मग धुळीतून वर आलेली पांढरी शिंगं. दुसरी जोडी मागे पडत होती. गर्दी ओरडत होती. रेषा आता अगदी हातभर राहिली असं वाटलं, आणि माझ्या शेजारी छोटी आजी जीव तोडून ओरडली,

"ये गा बापू, ये!"

पांढऱ्याचा कान फिरला. एवढ्या गोंगाटातून त्याने तो आवाज बरोबर वेचला. त्याने मान वळवली, पाय आवरले आणि लाख्याला ओढत दोराकडे आला. छकडा कलला, धुरकरी उडी मारून बाजूला झाला, आणि दुसरी जोडी रेषा ओलांडून निघून गेली. कुणाला लागलं नाही. पांढऱ्याने दोरावरून मान पुढे काढली आणि छोट्या आजीच्या पदरात तोंड घातलं. पेज शोधत असणार.

दीर पलीकडून धावत आले, चप्पल कुठे पडली त्याचा पत्ता नाही. "काय झालं? कोठी अडला? पाय मोडला का?"

नागऱ्याच्या म्हाताऱ्यांनी दुपट्टा सोडून तोंड पुसलं. "काही नाही झालं भाऊ. जेवाले बोलावलं, आला."

मग जो हशा उसळला! लाऊडस्पीकरवाल्यानेही तेच वाक्य पुन्हा म्हटलं. छोटी आजी मात्र पदराने पांढऱ्याचं तोंड पुसत होती. "मी कायले आली वं बाई," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

संध्याकाळी घरात ती सगळ्यांच्या तोंडी होती. जावई तिला म्हणत, "मामी, उद्या आम्हाला पण तशीच हाक मारा, ऑफिसातून पळत येऊ." ती हसली नाही. दीर गोठ्यात जाऊन बसले होते. मी मागून गेले. ते पांढऱ्याचे पाय चोळत होते.

"रागावलात तिच्यावर?"

"नाई जी." त्यांनी दुसरा पाय चोळायला घेतला. मग म्हणाले, "वहिनी, मी त्याले पोहाले नेतो. उडीद मी चारतो. रात्री उठून पाहून येतो. माझ्या हाकेनं थो एक डाव तरी थांबला का? दानीवर तर सोडाच, तळ्यावर बी थांबत नाही."

इतका मोठा माणूस, केस पिकलेले, आणि चक्क हेवा करत होता. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. त्या दिवशी तो बैल नेमका कुणाचा हे साऱ्या गावासमोर ठरलं होतं, आणि ते त्यांना पटाच्या हारीपेक्षा जास्त झोंबलं होतं.

जेवताना छोटी आजी वाढत होती. दीर मान खाली घालून जेवत होते. शेवटी तिनेच डाव पातेल्यात आपटला. "बोला ना एकदाचे! मी काही मुद्दाम केलं का? एवढंच असंल तर पुढच्या पटाले मले दूर उभी करा. रेघेच्या पल्याड, पार तिकडे बांधावर. मंग थांबला तरी तुमचं काम झाल्यावर थांबंल!"

ती रागाने बोलली होती. पण दिरांचा घास हातातच राहिला. "पल्याड," ते म्हणाले. "पल्याड उभी करतो म्हंतेस?"

पुढच्या आठवड्यात कोहमाऱ्याच्या बाजूच्या एका गावी पट होता. मी मुद्दाम थांबले होते. पिकअपमध्ये मागे जोडी, पुढे आम्ही. ही हकिगत आमच्या आधीच तिथे पोचली होती. एका मालकाने पटाच्या मंडळाकडे तक्रार केली, "बायको उभी करनं नियमात बसते का?"

मंडळाचा माणूस म्हणाला, "काठी नाही, तुतारी नाही. हाक माराले मनाई कोठी आहे?"

"मंग मी बी माझी आनतो."

"आन ना. पन तुझीची हाक ऐकून बैल उलटा पळंल!"

छोटी आजी रेषेच्या पलीकडे, लांब बांधावर जाऊन उभी राहिली. नवं लुगडं नेसली होती. या वेळी दिरांनी बैल सोडायला धुरकऱ्याच्या भावाला ठेवलं आणि ते माझ्याबरोबर रेषेपाशी थांबले. झेंडी वर गेली तसे ते दानीकडे पाठ करून उभे राहिले. डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

"अहो, बघा की!"

"नाही पाहवत जी. कधीच नाही पाहिला."

मला आश्चर्य वाटायलाही सवड मिळाली नाही. दोन्ही जोड्या बरोबरीने आल्या, बरोबरीनेच रेषेवर पोचल्या, आणि दुसरी एका मानेने पुढे गेली. पांढरा कुठे अडला नाही, कुठे वळला नाही. दुसरी जोडी चांगली होती, एवढंच. छोट्या आजीची हाक काही आली नाही.

"कोनाची?" दिरांनी डोळे न उघडता विचारलं.

"त्यांची. अगदी थोडक्यात."

ते तरातरा बांधाकडे निघाले. मी मागून गेले. धुरकऱ्याने जोडी आवरली होती आणि पांढरा तिच्यापाशी उभा होता.

"हाक काऊन नाही मारली? त्याच्यासाठी तं आणली तुले!"

ती अजून दानीकडेच बघत होती. तोंडावरचा हात तिने काढला.

"पाहून राहिली होती ना जी," ती म्हणाली.

दीर जोडी घेऊन पिकअपकडे वळले. परतताना कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर चहाला थांबलो. जोडी पिकअपमध्ये कडबा खात होती. मग दिरांनी कप ठेवला आणि इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, "कसा पळते गं थो?"

तिने आधी त्यांच्याकडे नीट पाहिलं, खरंच विचारताहेत का ते. मग कप बाजूला सारून दोन्ही हात टेबलावर आणले. "लाखा मान खाली घालते. पांढरा नाही घालत. मान वर, अन् पाय तं दिसतच नाहीत जी. पोत्याचं तोंड सुटल्यावर धान कसं येते, तसा येते. आवाजच आधी येते..."

"मंग?"

तेवढ्यात ढाब्यावरच्या पोऱ्याने भज्यांची प्लेट आणून मध्ये ठेवली. दिरांनी ती माझ्याकडे सरकवली. "थांब, पयल्यापासून सांग," ते तिला म्हणाले, आणि ती पुन्हा झेंडीपासून सांगू लागली.