दोन मिनिटांची मालिश

आमच्या सासूबाईंचं एक पक्कं मत होतं. मालिश करताना मूल रडलं नाही, तर ती मालिश झालीच नाही. काळाचौकीच्या आमच्या चाळीत त्यांनी तीस वर्षं लोकांची पोरं न्हाऊमाखू घातली. पायांवर उलटंपालटं करायचं, हात छातीवर आडवे ओढायचे, नाक चिमटीत धरून सरळ करायचं, आणि पोराने सगळा मजला डोक्यावर घेतला की समाधानाने म्हणायचं, "लागला अंगाक." माझ्या नवऱ्याचं नाकही त्यांनी असंच सरळ केलंय. परिणाम मी रोज बघते.

त्यामुळे माझं पोर त्या हातांत जाणार, ही धास्ती मला आधीपासून होती. पोराने ती पोटातच ऐकली असावी. तो सात आठवडे आधीच बाहेर आला आणि थेट परळच्या एका हॉस्पिटलात काचेच्या पेटीत जाऊन झोपला. तिथे आजीला प्रवेश नाही, तेलाला नाही, कौतुकाला तर नाहीच. म्हटलं, हुशार आहे पोरगा.

हुशारी दुसऱ्या दिवशी सकाळीच संपली. लॅबवाला आला, टाचेला सुई टोचली आणि इवलीशी टाच पिळून रक्त काढलं. साखर बघायची, कावीळ बघायची, उद्या परत. पोराला धड रडताही येत नव्हतं. तोंड वाकडं व्हायचं, पाय पोटाशी जायचा, आवाज फुटायचा नाही. मग मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा खाली यायचा आणि त्याच्याऐवजी मशीन रडायचं. भेटायला येणारे खालून फोन करून मला धीर द्यायचे, "अगं, एवढ्याशा जिवाला काय कळतंय." ही तीच माणसं, जी स्वतःची शुगर तपासताना बोट मागे घेतात आणि डोळे मिटून देवाचं नाव घेतात.

माझा जीव नुसता तुटायचा. पेटीला टेकून उभं राहायचं आणि बघायचं, एवढंच माझं आईपण होतं.

चौथ्या दिवशी तिथल्या सिस्टरांना माझी दया आली, नाहीतर माझ्या मध्येमध्ये येण्याचा कंटाळा आला असेल. त्या म्हणाल्या, "नुसत्या रडत उभ्या राहू नका, काहीतरी करा." आणि त्यांनी शिकवलं. कोपरापर्यंत हात धुवायचे, ऊब येईपर्यंत चोळायचे. मग पेटीच्या खिडकीतून हात आत घालून, दोन बोटांनी, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोटरीवरून हळूहळू हात फिरवायचा. गुदगुल्या होतील इतका हलका नाही, दाबल्यासारखा जड नाही. सुई टोचायच्या आधी दोन मिनिटं. तेल नाही.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. पण सुईच्या आधी. नंतर केलंत तर ते सांत्वन झालं."

दुसऱ्या दिवशी मी सहाला हजर. लॅबवाला दिसल्या दिसल्या उजवी पोटरी चोळायला घेतली. दोन मिनिटं झाली. पोर छान सैलावलं. लॅबवाल्याने शांतपणे डावा पाय उचलला आणि टोचला.

"अहो, मी उजवा तयार केलाय."

"काल उजवा झाला. आज डावा," तो म्हणाला. एवढी अक्कल मला आहे हे त्याने गृहीत धरलं असणार. त्याचा गैरसमज, की आदल्या दिवशी कुठला पाय टोचला ते मी बघितलं असेल. मी पोराचं तोंड बघत होते.

त्यानंतर मी आजच्या पायाच्या बाजूला पेटीच्या काचेवर चिकटपट्टी लावायला लागले. पाय ठरला, तर वेळ ठरेना. हा गृहस्थ सात ते नऊच्या मध्ये कधीतरी उगवायचा, आणि उगवला की थांबायचा नाही. "मॅडम, मला अजून चार वॉर्ड आहेत." राहायला लालबागला. गणपतीच्या दर्शनाला अख्खा दिवस रांगेत उभा राहणारा माणूस, माझ्या पोरासाठी त्याच्याकडे दोन मिनिटं नव्हती. तिसऱ्या दिवशी मी पेटीसमोर आडवीच उभी राहिले. म्हटलं, करा सिस्टरांकडे तक्रार. त्याने केली. सिस्टर म्हणाल्या, "थांबा दोन मिनिटं."

तो मोबाईल बघत थांबला. मी चोळलं. सुई लागली तेव्हा पोराने पाय ओढला, तोंड वाकडं केलं, आणि मग विचार बदलल्यासारखं परत सरळ केलं. आकडा थोडा खाली आला आणि चढला. मशीन गप्प. जादूबिदू काही नव्हती, पण त्या दिवशी मी दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

आणि मग माझ्या टाक्यांना पू झाला, ताप भरला. मला एक मजला खाली, बायकांच्या वॉर्डात टाकलं. ताप असेपर्यंत पेटीजवळ जायचं नाही. उद्याची सुई कोण सांभाळणार? नवरा पहिल्याच दिवशी सुई बघून जमिनीवर बसला होता. सिस्टरांना बाळ सोडून त्याला पाणी द्यावं लागलं होतं.

"मी जातंय," सासूबाई म्हणाल्या.

माझा ताप तिथेच एक डिग्रीने वाढला असेल. त्या हातांनी चाळीतली दणकट पोरं पिळून काढली होती, आणि माझं पोर त्यांच्या एका तळव्यावर मावलं असतं. आजीला प्रवेश नाही हा नियम सिस्टरांनी माझ्या तापापुरता बाजूला ठेवला, पण अटी सांगितल्या आणि मला हायसं वाटलं. नखं काढायची. तेल नाही. हातात बांगडी नाही.

सासूबाईंच्या हातातला हिरवा चुडा कधी पूर्ण उतरलेला कोणी पाहिला नव्हता. सासरे घरी ठणठणीत पेपर वाचत बसलेत, मग हात मोकळे कशाला करायचे? मोतीबिंदूच्या ऑपरेशनला त्या डॉक्टरांशी भांडल्या होत्या आणि बांगड्यांवर पट्ट्या गुंडाळून आत गेल्या होत्या. म्हटलं, विषय संपला. आणि मग लक्षात आलं, की विषय संपला म्हणजे उद्या पोराजवळ कुणीच नाही. मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

सकाळी साडेआठला त्या वॉर्डात आल्या आणि माझ्या पलंगावर बसल्या. दोन्ही मनगटं उघडी. बांगड्यांच्या जागी फिकट वळ, एका ठिकाणी जरासं खरचटलेलं.

"साबण लावून काढलंय," त्या म्हणाल्या. "दोन वाढवूक लागल्या."

"आणि तो?"

"रडलो नाय." त्यांचा चेहरा पडलेला होता. "जरा कुरकुरलो, मगे झोपलो. सांगितल्यान तसाच केलंय मी. दोन बोटांनी. काय चुकलंय काय?"

"नाही हो आई. रडला नाही म्हणजे बरोबर केलंत."

त्या आपल्या हातांकडे बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "इतकी वर्सां मी काय केलंय मगे?"

 

तेवढ्यात तोच लॅबवाला माझ्या पलंगाशी आला. तापासाठी माझं रक्त घ्यायचं होतं. सासूबाईंनी मान वर केली. "दोन मिनटां थांब रे." त्याने ट्रे खाली ठेवला. मोबाईलही काढला नाही.

त्यांनी माझा हात मांडीवर घेतला आणि दोन बोटांनी, कोपरापासून मनगटापर्यंत, हळूहळू हात फिरवायला सुरुवात केली. बाळंत झाल्यापासून मला ज्याने त्याने हात लावला तो टोचायला, टाके बघायला, नाहीतर बीपीचा पट्टा आवळायला. हे मला तोवर कळलंच नव्हतं. मी ओक्साबोक्शी रडायला लागले.

लॅबवाला गोंधळला. "मॅडम, अजून सुई लावलीच नाही."

"रडांदे तिका," सासूबाई हात न थांबवता म्हणाल्या. "लागता अंगाक."