श्रीनिवासरावांची पियानोची रेकॉर्ड

बँकेतून व्हीआरएस घेऊन श्रीनिवासराव मेहेंदळे घरी बसले, आणि नीरजाबाईंची सकाळ त्यांच्या हातून गेली.

नीरजाबाई बिबवेवाडीतल्या एका शाळेत दुपारच्या पाळीला शिकवत. सकाळी घर त्यांचं असे. आता तिथे एक रिकामा माणूस होता. त्यातच अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या सलिलने, म्हणजे त्यांच्या मुलाने, फोनवर सांगितलं की साहेबाबरोबर पियानो ऐकायला गेलो होतो. पुढच्या फोनला आपल्यालाही काही बोलता यावं म्हणून श्रीनिवासराव जुन्या बाजारात गेले आणि एक रेकॉर्ड प्लेअर आणि पियानोची एक रेकॉर्ड घेऊन आले. एकच.

ती रोज सकाळी वाजे. स्वयंपाकघरात शिट्टी झाली की बाहेरून आवाज येई, "अगं, कुकर बंद कर! संथ भाग चाललाय."

"डाळ कच्ची राहील."

"राहू दे. डाळ रोजचीच आहे."

"हेही रोजचंच आहे," नीरजाबाई म्हणत. पण तोवर संथ भाग संपून जलद भाग सुरू झालेला असे आणि त्यात त्यांचं बोलणं बुडून जाई.

दिवाळीनंतर श्रीनिवासराव भाचीच्या लग्नाला मिरजेला गेले. नीरजाबाईंना शाळेची अडचण होती. निदान तसं त्यांनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी रेकॉर्ड पिशवीत घालून त्यांनी बुधवार पेठेतलं जुन्या रेकॉर्डचं दुकान गाठलं.

दुकानदार बापूरावांनी ती उजेडात धरून विचारलं, "वाजते का?"

"थांबत नाही," नीरजाबाई म्हणाल्या.

मिळाले ते पैसे घेऊन त्या मंडईत गेल्या आणि बऱ्याच दिवसांनी घासाघीस न करता भाजी घेऊन आल्या. नवऱ्याला काय सांगायचं तेही ठरलं होतं: उन्हाने वाकली, टाकून दिली.

पण सांगायची वेळच आली नाही. श्रीनिवासराव परत आले ते प्लेअरच्या झिजलेल्या सुईची आठवण काढतच. चहा घेऊन ते तसेच बुधवारात गेले. सुईसाठी बुधवारातच जावं लागतं, हे नीरजाबाईंच्या मनातही आलं नव्हतं. दुपारी नीरजाबाई शाळेला निघायच्या आत ते परतले. काखेत एक पुडकं होतं आणि चेहरा उजळला होता.

"नशीब बघ! आपली आहे ना, अगदी तीच. पण काय जपलीय!"

पुडक्यातून रेकॉर्ड निघाली. वेष्टनाच्या कोपऱ्यावरचा फोडणीच्या तेलाचा डाग नीरजाबाईंनी लांबूनच ओळखला. त्यांच्याच बोटाचा होता तो.

नव्या सुईवर रेकॉर्ड फिरू लागली. श्रीनिवासराव डोळे मिटून म्हणाले, "आवाज बघ. आपल्या त्या रेकॉर्डला हिची सर कशी येणार! कुणा बाईंनी विकली म्हणे. रसिक घराणं, पण दिवस फिरले बिचारीचे."

"दिवस फिरायला काय झालं?" नीरजाबाई ताडकन म्हणाल्या.

"तुला काय माहीत? बरं, आपली जुनी काढ. दोन्ही लावून बघतो, मग ती विकून टाकू."

नीरजाबाई हलल्या नाहीत. उन्हाची गोष्ट तोंडाशी आली होती, पण कार्तिकातल्या त्या गारठ्यात ती त्यांनाच पटेना.

"ती मी विकली," त्या म्हणाल्या. "तुम्ही मिरजेला होता तेव्हा. बुधवारात. बापूरावांच्या दुकानात."

पियानो वाजत राहिला. श्रीनिवासरावांनी डोळे उघडले, वेष्टन उचललं, तेलाच्या डागावरून अंगठा फिरवला आणि पुन्हा खाली ठेवलं. आता भडका उडणार म्हणून नीरजाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या.

"विकलीस ते बरंच केलंस," ते म्हणाले. "ही वेगळी आहे."

"वेगळी?"

"कान लागतो ओळखायला."

शाळेची वेळ झाली होती. नीरजाबाई चपला घालून बाहेर पडल्या.

पुढे घरी कुणीही आलं की श्रीनिवासराव ती रेकॉर्ड लावून सांगत, "आधी आमच्याकडे एक होती, पण ती काही ऐकवत नसे." नीरजाबाई चहाचे कप ठेवता ठेवता जोरजोरात मान डोलावत. तीस वर्षांच्या संसारात इतकं एकमत त्यांचं दुसऱ्या कशावर झालं नव्हतं.